खिशातली भरती

"मामा, केरूच्या लग्नात पाण्याकडे बघायचंसुद्धा नाय! पाणी बघायचं काम आता माझ्या प्रोग्रामचं!"

पुंडलिकने हे जाहीर केलं तेव्हा हासाजीमामा मचव्याच्या फटीत कापूस ठासत बसले होते. पेणच्या खाडीत साठ वर्षं काढलेला माणूस. मिठागरात पाणी कधी घ्यायचं, मचवा कधी सोडायचा, हे त्यांना झोपेतही कळायचं. त्यांनी वर न बघता विचारलं, "मंग मी कुठं बघू?"

"मोबाईलकडे!"

साल एकोणीसशे नव्याण्णव. रोह्यात पुंडलिकचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन कॉम्प्युटर, त्यातला एक चालणारा. मुलं टायपिंग शिकायला येत आणि पुंडलिक खिडकीतून कुंडलिकेकडे बघत बसे. नदीकडे बघता बघता त्याला पुढचं दिसायचं. त्याला दिसायचं, की खाडीवरच्या प्रत्येक माणसाच्या खिशात एक मोबाईल आहे, त्या मोबाईलमध्ये पुंडलिकचा प्रोग्राम आहे, आणि भरतीची वेळ झाली की पेणजवळच्या दादरपासून रेवदंड्यापर्यंत सगळे खिसे एकदम वाजताहेत! कोळणी टोपल्या उचलताहेत, मिठागरवाले उघाड्यांची दारं उघडताहेत, आणि पुंडलिक पांढऱ्या शर्टात बांधावरून हळूहळू चालत निघालाय. शर्ट नेहमी पांढराच असायचा. अशा वेळी विद्यार्थ्याने "सर, माझा कॉम्प्युटर बंद पडला" म्हटलं, तरी सर म्हणत, "छान, छान!"

प्रोग्रामचं नाव त्याने आधीच ठरवलं होतं. 'सागरसखा'. अडचण एकच होती. त्याच्याकडे मोबाईल नव्हता.

तो होता शेजारच्या रेबेकामावशीकडे. मावशींची मुलगी रेचल लग्न होऊन इस्रायलला गेली होती. तिने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आईसाठी फोन पाठवला. फोन देखणा होता, पण आतली सगळी अक्षरं हिब्रू! रोह्यात त्याला रेंजही मिळत नव्हती, त्यामुळे मावशी तो पुसून, रुमालात गुंडाळून, कपाटात रेचलच्या फोटोशेजारी ठेवीत.

"मावशी, मला फक्त त्याचं घड्याळ आणि आठवणवही हवी," पुंडलिक म्हणाला. "रेंज नको, काही नको."

"घे की रे! पण त्यातलं वाचणार कोण?"

वाचणार मावशीच. त्या कोकणातल्या ज्यू, म्हणून हिब्रू प्रार्थनेच्या पुस्तकामुळे त्यांना अक्षरं येत होती, अर्थ मात्र येत नव्हता. मग आठ दिवस असं चाललं, की मावशी चष्मा लावून उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर लावीत. तेही प्रार्थनेच्याच चालीत, कारण दुसऱ्या चालीत त्यांना ती अक्षरं जमतच नव्हती. पुंडलिक बटण दाबून काय होतं ते बघे आणि वहीत लिहून ठेवी. 'तिसरं दार, आत दुसरी खोली – तारीख. चौथं दार – आठवण.' एकदा चुकून त्यांनी काहीतरी असं दाबलं, की फोन थरथरत टेबलावरून चालत जाऊन चहात पडता पडता राहिला! पण नवव्या दिवशी दोघांनाही फोन पाठ झाला. मावशी तर पुंडलिकपेक्षा झटपट तारीख-वेळ लावू लागल्या.

क्लासच्या कॉम्प्युटरने भरतीच्या वेळा काढल्या. फोनच्या आठवणवहीत पन्नासच नोंदी मावत होत्या. खाडीला दिवसातून दोन भरत्या, म्हणजे पंचवीस दिवसांचा समुद्र! पुंडलिकने तो अंगठ्याने एकेक आकडा दाबत आत भरला. प्रत्येक भरतीच्या पाऊण तास आधी फोन वाजणार. वाजला की निघायचं. हिशेब नको, तिथी नको, पाण्यात काठी बुडवणं नको!

आधीच्या रविवारी त्याने मामांच्या गावी फोन नेऊन दाखवला. अख्खं गाव बांधावर जमलं. फोन वाजला आणि पाऊण तासाने पाणी बरोब्बर मामांच्या खुणेच्या दगडाला लागलं. दुपारी डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आलेल्या केरूने, म्हणजे मामांच्या मुलाने, तिथल्या तिथे ठरवलं, "माझी वरात मोबाईलवर निघल! सरूच्या गावाला कळू दे!"

सरू म्हणजे नवरी. तिचं गाव खाडीच्या पलीकडे. मुहूर्त बारा वीसचा. मामा पुटपुटले, "मला इच्चारलास तं मी आताच सांगतो, सव्वानवाला निघू." पण मोबाईल असताना मामांना कोण विचारणार?

लग्नाचा रविवार उजाडला. चौदा तारीख. पुंडलिक पहाटेच्या गाडीने पेणला उतरला. सोबत रेबेकामावशी, कारण आमंत्रण त्यांनाही होतं आणि फोन त्यांच्याच मालकीचा होता. मामीने फोन पाहिला मात्र, लगेच ताट आणलं! ताटात तांदूळ, तांदळावर फोन, फोनला हळदीकुंकू.

"मामी, बटणांवर नको!"

"आरं, असू दे! येवढा लांबून आलाय तो!"

ताट पाटावर ठेवलं. कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद देऊन मामी आत गेल्या. बेंजोवाले आले, वऱ्हाड नटलं. केरूने पांढरे बूट घातले आणि तो इतका जपून चालू लागला, की बूट दुसऱ्याचे वाटावेत.

नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. मामा बांधावर जाऊन आले.

"पुंडल्या, पाणी झालाय."

"मामा, वाजला का?"

"नाय."

"मग?"

साडेनऊला मामा परत आले. "आरं, चांगला छातीभर पाणी हाय. आता सुटलो तं बाणावानी सरळ जाव."

"मामा, कॉम्प्युटरने मिनिटामिनिटाचा हिशेब काढलाय."

"कितीचा काढलाय सांग तरी!"

पुंडलिक हसला. पन्नास वेळा त्याच्या लक्षात कशा राहतील? त्या लक्षात ठेवायला लागू नयेत म्हणून तर प्रोग्राम केला! तो कागद रोह्याला टेबलावर मुद्दाम ठेवून आला होता. जुन्या जगाशी संबंधच नको! तो ओसरीच्या खांबाला टेकला. समोर मिठाचे ढीग उन्हात चकाकत होते, त्यांच्यावरून वारा येत होता, आणि पुंडलिकला दिसत होतं, की सागरसखा आता गोव्यापर्यंत पोचलाय. एक परदेशी माणूस हात पुढे करून विचारतोय, "हे तुम्हीच केलंत?" पुंडलिक लाजून सांगतोय, "मी आणि आमच्या मावशी."

दहाला पाच मिनिटं कमी असताना मामा तिसऱ्यांदा आले. यावेळी ते नुसते ताटासमोर बसून फोनकडे बघत राहिले, अंडी घालायला टाळाटाळ करणाऱ्या कोंबडीकडे बघावं तसे.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला!

काय जल्लोष झाला! बेंजो सुरू झाला, करवल्या धावल्या. मग फोटोग्राफरला वाजणाऱ्या फोनसोबत नवऱ्याचा फोटो हवा होता, पण तोवर फोन थांबला होता. मग न वाजणाऱ्या फोनसोबत तीन फोटो झाले. कुणाची तरी आत्या राहिली, ती आली. मचवा सुटला तेव्हा पावणेअकरा झाले होते.

सुकाणू मामांच्या हाती. त्यांनी एकदा पाण्याकडे, एकदा पुंडलिककडे बघितलं. "पानी उतराय लागलाय रं."

"पाच मिनिटं आहेत अजून, मामा! पाणी चढतंय!"

"व्हय का? मंग त्या तिवरांना सांग. त्यांच्या मुळ्या दिसाय लागल्या."

अर्ध्या वाटेवर गाळाचा उंचवटा होता. मचवा त्याच्यापाशी आला, थोडा रेंगाळला, आणि म्हैस बसावी तसा बसला. बेंजोवाल्याचा एक सूर लांबला आणि बंद पडला. मामांनी बांबू टेकवून रेटा दिला. वऱ्हाडातले सगळे एका बाजूला गेले, मग दुसऱ्या बाजूला गेले. मचवा हलला नाही. पाणी मात्र, कुणाचा तरी निरोप घेतल्यासारखं, मागे मागे सरकत गेलं. बघता बघता भोवती नुसता चिखल! चिखलात निवटे मासे टुणटुण उड्या मारू लागले.

साडेअकरा वाजले होते. मुहूर्ताला पन्नास मिनिटं. मांडव समोर दिसत होता, तीनेकशे पावलांवर!

"पुंडल्याऽऽ!" केरू ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "माझा लगीन हाय रं आज!"

पुंडलिकने मचव्यात आणलेल्या ताटातला फोन उचलला. बटणांच्या खाचांत कुंकू भरलं होतं. त्याने पदरासारखा शर्टाचा सोगा धरून काच पुसली. वेळ बरोबर होती, मिनिटाचा फरक नव्हता. मग त्याची नजर वेळेखालच्या बारीक आकड्यांवर गेली.

"मावशी," तो हलकेच म्हणाला, "आज चौदा तारीख ना?"

"चौदाच की."

"फोन पंधरा म्हणतोय."

रेबेकामावशींनी चष्मा लावला. बघितलं. आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगंबाई! पण मी तर काल नीट करून ठेवला!"

"म्हणजे?"

"शनवारी मी त्याला हात लावत नाही, तुला ठाऊकच आहे. काल सांज झाली, चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला. म्हटलं, फोनचं दर्शन घ्यावं. बघते तर हा अजून तेरावरच! आमच्याकडे दिवस मावळतीला संपतो रे, चांदण्यांबरोबर दुसरा सुरू होतो. म्हटलं, मागे पडला बिचारा. तूच शिकवलंस ना, तिसरं दार, दुसरी खोली? केला चौदा."

"आणि रात्री बाराला तो आपणहून पंधरा झाला..." पुंडलिक खालीच बसला. भरती रोज पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. फोन आज उद्याच्या भरतीला वाजला होता!

"पण हा इस्रायलचा फोन!" मावशींना खरोखरच धक्का बसला होता. "त्याला एवढं कळू नये?"

वऱ्हाडात कुणीतरी फिस्सकन हसलं. केरू मात्र रडायच्या बेतात होता. "उतरून चालत जा," मामा म्हणाले. केरूने खाली चिखलाकडे पाहिलं, मग पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, आणि एक पाय काठावर ठेवून तो तसाच राहिला.

पलीकडच्या बांधावर गर्दी झाली. हातवारे झाले, आरडाओरडा झाला. मग गर्दी दुभंगली आणि त्यातून नवरी बाहेर आली. सरू! मिठागरात वाढलेली पोर. तिने शालूचा काचा मारला, मुंडावळ्या कानामागे खोवल्या आणि ती सरळ चिखलात उतरली. मागे तिचा मामा, डोक्यावर अक्षतांची परात. सरूला चिखल ठाऊक होता. कुठे पाय ठेवायचा, कुठे नाही, हे न बघता ती चालत होती. ऊन ओल्या गाळावर पडून सगळी खाडी आरशासारखी झाली होती. आरशात आभाळ होतं, आणि हिरवा शालू नेसलेली सरू त्या आभाळातून चालत येत होती. मचव्यातले सगळे काठाला येऊन बघू लागले. पुंडलिक तर आपली चूकसुद्धा विसरला.

ती मचव्याखाली येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल.

"काय वो," ती केरूला म्हणाली, "तुम्ही उतरताव का मी चढू?"

"माझे बूट..." केरू म्हणाला.

"मंग मीच चढते. बूट ऱ्हाऊ दे कोरडे!"

वऱ्हाड असं हसलं, की मचवा हलला! केरूने वाकून तिला हात दिला, आणि तिला ओढताना त्याचे बूट व्हायचे तसे झालेच.

भटजी चिखलात यायला तयार होईनात. त्यांनी मांडवातला कर्णा बांधावर आणवला आणि तिथूनच मंगलाष्टकं सुरू केली. "सावधाऽन" म्हटलं की तो शब्द खाडीवरून तरंगत यायचा, आणि तो पोचला की मचव्यात अक्षता उडायच्या. अंतरपाट म्हणून रेबेकामावशींची शाल धरली. एक टोक मावशींच्या हातात, दुसरं पुंडलिकच्या. मावशींनी डोळे पुसले. रेचलचं लग्न त्यांना फोटोतच बघायला मिळालं होतं. लग्न लागलं बारा बाविसाला, कारण शेवटचं 'सावधान' पोचायला वारा आडवा आला.

नंतर सगळे चिखल तुडवत जेवायला गेले. मावशींना सरूच्या मामाने खुर्चीत बसवून नेलं. मचव्यापाशी राहिले हासाजीमामा, कारण मचवा त्यांचा. आणि पुंडलिक, कारण त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. दोघांसाठी पत्रावळीवर भात आणि जिलेबी आली. ऊन उतरलं. बगळे चिखलात संथ पावलं टाकत होते. सूर्य मिठाच्या ढिगांमागे गेला आणि ढीग गुलाबी झाले.

"मामा, माफ करा," पुंडलिक म्हणाला. "प्रोग्राम चुकला नाही, पण..."

"नाय चुकला," मामांनी मान हलवली. "पोरीनं चाळीस माणसांत नाव काढला. तू नसतास तं चार लग्नांसारखा लगीन झाला असता."

मग मामा जरा जवळ सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "पुंडल्या, येक इच्चारू?"

"विचारा ना!"

"भरतीचा मला ठाव हाय रं. माझ्या बापाला ठाव होता. ती ठरल्यावारी येते, तिला मोबाईल कशाला? पन आमच्या नाक्यावर पेणची येस्टी कवा येते, ते कोनालाच ठाव नाय. कवा आठला, कवा अकराला, कवा येतच नाय. ती आता कुठवर आली, ते खिशात कळल, आसा काय बनवशील का? ते बनवलास तं गावच्या गाव घेल!"

पुंडलिकने क्षितिजाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ, अगदी मन लावून पाहिलं. गोव्यापर्यंत पोचलेला सागरसखा त्याला दिसला, परदेशी माणूस दिसला, पांढरा शर्ट दिसला. पण खिशात येस्टी काही केल्या दिसेना.

शेवटी त्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या समजुतीने म्हणाला, "मामा, स्वप्नं बघावीत. पण इतकी अशक्य बघू नयेत!"