हरणाची रविवारची सुट्टी

नोकरीत कायम व्हायला तपासनीस साहेबांना आता एकच अहवाल आडवा येत होता. दोन वर्षं ते हंगामी होते. सासरेबुवा दर भेटीत "अजून हंगामीच का?" असं विचारत आणि उत्तर यायच्या आत वर्तमानपत्र उघडत. जंगलाच्या कडेच्या शेतांत, कच्च्या खायच्या पालेभाजीवर पोट बिघडवणारे जंतू सापडत होते. ते कुठला रानटी प्राणी आणतो एवढं महिनाअखेर शोधून द्या, मग तुमचं बघू, असं खात्याने सांगितलं होतं.

साहेब हात धुऊन त्या प्राण्याच्या मागे लागले. हात ते खरोखरच धूत, दिवसातून बारा वेळा. गमबूट चढवायचे, जंगलाला लागून असलेल्या पहिल्या शेतात रानडुकरांच्या विष्ठेत उभं राहून नमुने घ्यायचे, हात धुवायचे आणि तसंच पुढच्या शेतात जायचं, असा त्यांचा नेम होता.

पहिल्या शेतातले जंतू रानडुकराचे, यात वाद नव्हता. पण मग दुसऱ्या शेतात निघाले, तिसऱ्यात निघाले, आणि तिथे तर भक्कम कुंपण होतं. डुकराला काही एवढी उंच उडी मारता येत नाही. साहेबांनी खूप डोकं खाजवलं आणि हरणाला दोषी धरलं. भिंतीवरच्या नकाशावर लाल टाचण्या टोचून त्याचा मार्गही आखला.

चौथ्या शेताच्या मालकीणबाई काकू कुरकुरल्या. अख्खं पीक उपटून टाकायची वेळ आलेली, माणूस कुरकुरणारच.

"अहो, मी जन्मात इथे हरीण बघितलं नाही."

"तेच तर, काकू. फार धूर्त आहे ते."

अहवालाला दोन दिवस उरले असताना प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. समोर तारखांचा कागद होता.

"तुमचं हरीण रविवारी काय करतं हो?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. बाईंनी शांतपणे समजावलं. रविवारी एकाही नव्या शेतात जंतू गेले नव्हते. शिवाय बारा ते पंधरा तारखेला साहेबांना ताप होता, तेव्हा हरीणही बहुधा अंथरुणातच होतं.

"उजवा बूट काढा बघू," बाई म्हणाल्या.

बुटाच्या तळाच्या खाचांत डुकराचे तेच जंतू गुण्यागोविंदाने नांदत होते. डुकराने ते एका शेतात आणून टाकले, पुढची सेवा साहेबांनी केली होती.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी गेल्यात जमा, सासऱ्यांपुढे तोंड दाखवायची सोय गेली, आणि काकूंचं पीक आपल्या पायाने गेलं याची तर त्यांना मनापासून लाज वाटली. पण खोटं लिहिणं त्यांना जमेना, आणि खरं लिहायचा धीर होईना. शेवटी अहवालात त्यांनी मधला मार्ग काढला: "वाहक प्राणी आकाराने मोठा, दोन पायांवर चालणारा, एकटा हिंडणारा. माणसाला भीत नाही. यास शेतांपासून दूर ठेवावे."

खात्याच्या मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. आता सगळं कबूल करून टाकावं म्हणून तपासनीस साहेब उभे राहिले.

"साहेब, तो प्राणी म्हणजे खरं तर..."

"अस्वल. दुसऱ्या ओळीतच ओळखलं मी. डुक्कर, हरीण कुणीही सांगेल, अस्वल शोधायला नजर लागते. उद्यापासून तुम्ही कायम. याच कक्षाचे प्रमुख."

तपासनीस साहेबांनी तोंड उघडलं, सासरेबुवा आठवले, आणि ते मिटलं.

प्रमुख म्हणून पहिल्याच सकाळी त्यांच्यासमोर सहीला कागद आला. अस्वल दिसतं का हे पाहायला खात्याने बारा हंगामी तपासनीस नेमले होते. प्रत्येकाने रोज प्रत्येक शेतात फिरून यायचं होतं. साहेबांनी सही केली आणि ते उठून हात धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला.

"साहेब, सकाळपासून बारा जण वाफे तुडवून गेले. अस्वल काही दिसलं नाही बाई कुणाला."