फरक नाही

"आधी माणसं मोजायची, मग बाकीचं सामान," असं निवृत्त होताना संस्थेच्या फिल्म तपासणाऱ्या थोरल्या बाईंनी बजावलं होतं. धाकट्या बाईंनी तो नेम एकवीस वर्षं उपासासारखा पाळला, कुठं न बोलता.

परंतु डोळ्यांना दिसलेला फरक हा फरक नसून केवळ मत असतं, हे प्रगत संस्थांना उशिरा का होईना कळतं. म्हणून फिल्मच्या दोन प्रती शेजारी लावून फरक शोधणारं सॉफ्टवेअर आलं. ते दमत नाही, चहाला उठत नाही आणि (हा त्याचा थोर गुण) समितीचं ऐकतं.

संस्थेच्या पन्नाशीची फिल्म तयार झाली होती. पहिल्या प्रतीत शेवटी सगळे पायऱ्यांवर उभे होते: अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, ग्रंथपाल, माळी, दार उघडणाऱ्या मावशी आणि अध्यक्षांचा कुत्रा. मावशी त्याच महिन्यात निवृत्त होणार होत्या. "एकतीस वर्षं सगळ्यांना आत घेतलं गं. मी कुठं होते, ते एकदा नातीला दाखव," असं त्या म्हणाल्या होत्या आणि बाईंनी शब्द दिला होता.

मग सुधारित प्रत आली. सॉफ्टवेअरनं ३,४१८ फरक काढले. पैकी २,९०६ अध्यक्षांच्या केसांचे (सुधारणेत ते काळे झाले होते). समिती अवघडली. तीन बैठकांनंतर ठरलं, की अध्यक्षांच्या डोक्याहून लहान असेल तो फरक किरकोळ समजून वगळावा. सॉफ्टवेअरला तसं सांगण्यात आलं. त्यानं पुन्हा पाहिलं आणि नम्रपणे कळवलं: फरक नाही.

बाईंनी नेमाप्रमाणे मोजलं. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, ग्रंथपाल, कुत्रा. अध्यक्ष उठून दिसावेत म्हणून मागची ओळ विरळ केली होती (तिथं नुसती डोकीच दिसत, तीही लहान). मावशींच्या जागी कुंडी होती.

त्या समितीच्या साहेबांकडे गेल्या. "साहेब, मावशी नाहीत."

"मशीन काय म्हणतंय?"

"फरक नाही म्हणतंय."

"मग झालं तर. तुम्ही उगाच मनाला लावून घेता, बाई."

बाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी पहिली प्रत पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, रुमालात गुंडाळली, चपला घातल्या आणि मावशींच्या घरी निघाल्या. पेनड्राइव्ह दोन होते. दुसरा माळ्यासाठी. (तोही गळला होता. मावशींसाठी हळहळणाऱ्या वाचकांच्या ते ध्यानात आलं नसेल, तर त्यांनी खंत करू नये. समितीत एक जागा रिकामी आहे.)