साईनाथच्या सैन्याची बिऱ्हाडं

ओट्यावरच्या जाळीत, कपबश्यांच्या मधोमध, काही बुटके योद्धे रंग वाळवत उभे होते. शेफालीने चहासाठी कप उचलला तसा त्यातला एक कुऱ्हाडवाला कपाच्या कानात अडकून वर आला. ती ओरडली नाही. ओरडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिने त्याला बशीत उभा केला, चहा शांतपणे संपवला आणि मग नवऱ्याला हाक मारली.

“साई, आजपासून एक नियम. शोकेसचे वरचे दोन कप्पे तुझे. त्याच्या बाहेर मला एकही पाय दिसता कामा नये. नवीन आला, की जुना एक घराबाहेर.”

“घराबाहेर म्हणजे कुठे?”

“ते सेनापतीने बघायचं.”

साईनाथ हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा आणि उरलेल्या वेळात लढाया करायचा. या लढाया टेबलावर, फासे टाकून खेळायच्या. सैनिक जेमतेम बोटाच्या पेराएवढे, प्लॅस्टिकचे. येतात ते कोरे, करडे. रंगवायचे ज्याचे त्याने. आणि हे रंगवणं साईनाथच्या हाताला असं काही साधलं होतं, की बघणाऱ्याने बघत राहावं. डोळा मोहरीएवढाही नाही, पण त्यात तो बुबुळ काढी आणि बुबुळात उजेडाचा ठिपका ठेवी. म्हाताऱ्या योद्ध्याच्या दाढीत मागचे पांढरे केस आणि ओठाजवळचे पिवळट केस वेगळे दिसत. शेफाली हे सगळं पाही आणि काही बोलत नसे. त्या न बोलण्याचा अर्थ साईनाथने आपल्या परीने लावून ठेवला होता.

भांडण कलेशी नव्हतं, जागेशी होतं. कर्वेनगरातल्या त्या दोन खोल्या-हॉलच्या फ्लॅटमध्ये साईनाथच्या आईची, बायडाबाईंची, गावाकडची पत्र्याची गव्हाची कोठी होती, शेफालीचं घरून चालणारं ऑफिस जेवणाच्या टेबलावर होतं, आणि कुरियरवाला तर दर आठवड्याला बेल वाजवत होता.

विकायला साईनाथचं मन होईना. स्वतःच्या हाताने डोळे दिलेली माणसं विकायची कशी? मग त्याने त्यांना बिऱ्हाडं शोधायला सुरुवात केली.

कुऱ्हाडवाला आईच्या खोलीत गेला. तिथे शेफालीचा कायदा चालत नसे. बायडाबाईंनी त्याला निरखून पाहिलं. “दाढी झ्याक हाय ह्याची,” म्हणाल्या आणि त्याला कोठीवर उभा केला. योगायोग असा, की त्याच आठवड्यात कोठीमागचा उंदीर दिसेनासा झाला. त्या दिवसापासून बायडाबाई धान्य काढताना त्याला आधी हाताने हलकेच बाजूला करत, आणि मग पुन्हा जागेवर ठेवत.

घोडेस्वार दुसऱ्या मजल्यावरच्या हिंमतरावांकडे गेला. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता सोसायटीचे सेक्रेटरी. पंखवाला राक्षस समोरच्या वासंतीबाईंनी घेतला. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी तो बाल्कनीच्या कठड्यावर चिकटपट्टीने उभा केला.

“शोभेसाठी नाही हो,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “कबुतरांसाठी.”

पुढे मागणी वाढली. लिफ्टमध्ये लोक विचारू लागले, “आमच्याकडे कधी?” बघता बघता निम्मं सैन्य सोसायटीत पांगलं. कप्पे मोकळे राहू लागले आणि शेफाली नियमाबद्दल बोलेनाशी झाली. साईनाथला आपल्या मुत्सद्देगिरीचं फार कौतुक वाटत होतं.

मग वैजनाथचा फोन आला. वैजनाथ बिबवेवाडीचा, साईनाथचा जुना प्रतिस्पर्धी, आणि आजवर प्रत्येक लढाई जिंकलेला.

“रविवारी फुल आर्मी आणतोस का? एकदा काय तो निकाल लावू. का नेहमीसारखं काही कारण आहे?”

साईनाथ ताडकन हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला आपलं सैन्य कुठे आहे ते आठवलं.

तो आधी वासंतीबाईंकडे गेला.

“न्या की,” त्या म्हणाल्या. “तुमचाच आहे. फक्त तो परत येईपर्यंत तुम्ही बाल्कनीत हात पसरून उभे राहा. कबुतरांना फरक कळणार नाही.”

हिंमतरावांनी घोडेस्वार दाखवला तेव्हा साईनाथ क्षणभर दारातच थबकला. त्याच्या जांभळ्या झग्यावर आता खाकी रंग होता आणि ओठावर झुबकेदार मिशी.

“गणवेशात शिस्त नव्हती,” हिंमतराव म्हणाले. “दुरुस्त केली. बिबवेवाडीला न्यायचं म्हणता? आपला जवान अनोळखी माणसाच्या टेबलावर मी पाठवणार नाही. लढाई इथे करा. मी स्वतः हजर राहीन.”

आणि आईने तर बोलणंच संपवलं. “त्यो हलला की उंदीर आला. बाहेर कुटं न्यायचा न्हाई.”

सैन्य इमारतीबाहेर पडायला तयार नाही म्हटल्यावर रणांगणच इमारतीत आणणं भाग होतं. वैजनाथ फोनवर बराच वेळ हसला आणि येतो म्हणाला. इमारतीत मोठं टेबल मात्र एकच होतं. शेफालीचं.

“किती माणसं येणार?” तिने लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं.

“वैजनाथ. एकटाच.”

“बरं.”

हे सांगताना साईनाथ खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

रविवारी वैजनाथ आला, आणि त्याच्या मागोमाग सोसायटी आली. प्रत्येकाच्या एका हातात आपापला योद्धा आणि दुसऱ्या हातात घरची खुर्ची. लॅपटॉप बेडरूममध्ये गेला, सोफा भिंतीला लागला, चपलांची रांग जिन्यापर्यंत पोचली. शेफाली स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. साईनाथने तिच्याकडे बघायचं टाळलं.

वैजनाथने मात्र मांडामांड करताना वासंतीबाईंचा राक्षस उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तसाच धरून ठेवला.

“हे पंखांतलं रक्त... म्हणजे शिरा. आतून उजेड आल्यासारखा दिसतोय. साई, हे तू केलंस?”

मग राक्षस हातोहात फिरला. रोज कठड्यावर पाहिलेला तो राक्षस लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. वासंतीबाईंनीही चष्मा पुसून पाहिला. “मी याला चिकटपट्टी लावली,” त्या हळूच म्हणाल्या.

टेबलावर खेळण्यातले डोंगर, झुडपं आणि मधली खिंड मांडून लढाई सुरू झाली आणि पहिल्याच चालीला साईनाथचा हात अडला.

“घोडदळ झुडपात?” हिंमतराव म्हणाले. “कुणी शिकवलं तुम्हाला? व्हा बाजूला.” आणि घोडेस्वार त्यांनी स्वतः उजवीकडून काढला.

“फासा मला द्या,” वासंतीबाई म्हणाल्या. “आणि आत्ता हल्ला करू नका. शक्यता बघा जरा. शाळेत काय केलंत?”

खिंडीच्या तोंडाशी एकटा कुऱ्हाडवाला उभा होता. समोरून वैजनाथचा अख्खा जथा येत होता. नियम बघता मागे सरणंच शहाणपणाचं होतं. साईनाथने हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” बायडाबाई म्हणाल्या. “माजा माणूस मागं सरत न्हाई.”

त्यांनी फासा टाकला, सहा पडले. पुन्हा टाकला, पुन्हा सहा. वासंतीबाईंनी शक्यतेचा विषय तिथेच सोडून दिला. हिंमतरावांचा मिशीवाला स्वार वळसा घालून वैजनाथच्या पाठीवर आला, आणि दुपारच्या जेवणाआधी वैजनाथने उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला.

साईनाथ हे सगळं चहाच्या ट्रेमागून बघत होता. त्याला कुणीच चाल विचारली नव्हती. दोन चहा बिनसाखरेचे हवेत, एवढंच सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो वैजनाथला हरवत होता आणि त्यात त्याचा हात फक्त गाळणीपुरता होता. तरी त्याला आतून भरून आल्यासारखं वाटत होतं.

सगळे आपापला योद्धा आणि खुर्ची घेऊन गेले. वैजनाथ जाताना “पुढच्या वेळी मी माझी बिल्डिंग आणतो,” म्हणाला. साईनाथ निमूटपणे सोफा जागेवर ओढू लागला. शेफाली अजून दारातच होती.

“सॉरी,” तो म्हणाला. “इतके येतील वाटलं नव्हतं. पुढच्या वेळी बाहेर हॉल बघतो. आणि कप्प्यातले उरलेलेही वाटून टाकतो हवं तर.”

“कुणाला?”

“मागतायत बरेच जण. पाचव्या मजल्यावरचे, वॉचमन...”

“वॉचमन,” शेफाली म्हणाली. ती सावकाश शोकेसपाशी गेली आणि पाठमोरीच उभी राहिली. “आईंना दिलास. सेक्रेटरींना दिलास. कबुतरांसाठीसुद्धा दिलास. अख्ख्या सोसायटीत एकच घर उरलं, साई, जिथे तू कधी विचारलं नाहीस.”

साईनाथने सोफा अर्ध्यातच सोडला. “मला वाटलं, तुला आवडत नाहीत.”

“मी जाळीत ठेवू नको म्हटलं होतं.”

तिने वरच्या कप्प्याचं दार सरकवलं. आत पंख मिटून बसलेला ड्रॅगन होता. साईनाथने आजवर केलेलं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत देखणं काम. तिने तो दोन्ही हातांनी अलगद बाहेर काढला आणि जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवला. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुन्हा पुढे येऊन त्याचं तोंड किंचित खिडकीकडे वळवलं.

“हा इथेच राहील,” ती म्हणाली.

“अगं, पण तिथे तुझा लॅपटॉप? आणि आपण जेवायचं कुठे?”

शेफालीने सतरंजी काढली आणि त्याच्या हातात दिली.