विषय : बांबूस ताण देणेबाबत

ताण आला की प्रत्येक सजीवात आधी आदेश सुटतात आणि मग, जमल्यास, काम होते. आमच्या नांद्याच्या सोसायटीला या सत्याचा प्रत्यय यंदाच्या उन्हाळ्यात आला. त्याचे श्रेय आरोहीचे.

आरोही आमच्याकडे भाड्याने राहते आणि बांबूच्या जनुकांवर पीएच.डी. करते. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी बांबूचे एक बेट आहे. जमीन विकताना गोजराबाईंनी ते तोडू दिले नाही आणि बिल्डरने त्याला 'झेन गार्डन' म्हटले. (दोन्ही पक्ष समाधानी आहेत.) या बेटाचे पाणी काही दिवस बंद ठेवायची परवानगी आरोहीने मागितली. समितीने ती उदार मनाने दिली. माळी तसाही गावी गेला होता.

पहिली हरकत भिंतीपलीकडून आली.

"काय गं पोरी, माझं बेट मारतियास व्हय?" गोजराबाईंनी विचारले.

"नाही हो आजी, फक्त तहान लावतेय. बांबूच्या आत काही प्रथिनं असतात, ती नुसते हुकूम सोडतात. या जनुकाला म्हणतात चालू हो, त्याला म्हणतात बंद हो. त्यांची घराणी असतात. एक म्हणतं वाढा, दुसरं म्हणतं पाणी कमी आहे, थांबा. तहान लागल्यावर कोणाचं चालतं, ते बघायचंय."

"आमच्यात बी समदी हुकूमच सोडत्यात," गोजराबाई म्हणाल्या. "पर मरू दिऊ नगंस."

आरोहीने पाटी लावली : 'हा बांबू प्रयोगासाठी ताणाखाली आहे. कृपया पाणी घालू नये.'

ताण हा शब्द आमच्याकडे हलक्यात घेतला जात नाही. बहुतेक रहिवासी हिंजवडीत नोकरीला आहेत. ज्यांनी ते बेट आजवर पाहिलेही नव्हते, त्यांना ते एकाएकी सख्खे वाटू लागले. शैलेश धावून परतताना आपली बाटली तिथे रिकामी करू लागला. सचिव हेमलताताई तांदळाचे धुवण ओतत. (पाटीवर मनाई पाण्याला होती, धुवणाला नव्हती.) अध्यक्ष विलासरावांनी तर पाइपच लावला, पण तो पदसिद्ध अधिकारात. आमच्या पाहणीनुसार, घरच्या तुळशीलाही पाणी न घालणाऱ्यांपैकी ऐंशी टक्के लोक बेटाला पाणी घालत होते. उरलेले वीस टक्के आपापला कुत्रा तिकडे नेत.

आरोहीने पाने प्रयोगशाळेत नेली. तहानेचे घराणे चिडीचूप. वाढीचे घराणे जोरात. एक कोंब तर भर एप्रिलमध्ये पार्किंगमध्ये उगवला. पावसाआधी नमुने मिळाले नाहीत तर वर्ष वाया, असे तिच्या गाइडनी बजावले. ती कोंबाजवळ उभी राहून रडली. विलासरावांना ते पाहवेना.

"आम्ही ऑफिसात काय भोगतो ते आम्हाला ठाऊक, बेटा. तू नको ताण घेऊस," ते म्हणाले आणि त्यांनी तिलाही पाणी दिले.

त्याच रविवारी ती प्रथमच सोसायटीच्या वार्षिक सभेला बसली. लिफ्टचा दरवाजा प्रत्येकाने आठवणीने लावावा, असा ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. सभा संपली. सगळे लिफ्टने घरी गेले. आरोही जिना चढून गेली, कारण लिफ्ट वर दरवाजा उघडा ठेवून उभी होती.

सकाळी आरोहीच्याच अक्षरातली नवी पाटी दिसली : 'सर्व रहिवाशांनी या बांबूला रोज पाणी घालावे. ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.'

या पाटीचे जे स्वागत झाले, ते अभिमानास्पद होते. हेमलताताईंनी 'आपला बांबू' हा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. विलासरावांनी परिपत्रक काढले. शैलेशने पाळ्या कशा लावाव्यात यावर सादरीकरण केले आणि ऑफिसला निघून गेला. ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली.

पाने दुमडू लागली, मग सुरळीसारखी गुंडाळली गेली. माती भेगाळली. तहानेचे घराणे असे कडाडले की गाइड खूश झाले. इतका शुद्ध, अखंड दुष्काळ त्यांनी कोणत्याही प्रयोगात पाहिला नव्हता.

प्रयोग संपला. नमुने घेऊन आरोहीला तातडीने हैदराबादला जावे लागले. गोजराबाई मुळशीला लेकीकडे गेलेल्या. आरोहीने निघताना ग्रुपवर लिहिले : 'आता खरंच पाणी घाला. प्लीज. नाहीतर बेट मरेल.' ठराव एकमताने मंजूर झाला. गाडीतून तिने विचारले, 'घातलं का कोणी?' उत्तरादाखल तिला जोडलेले हात आले, एक हृदय आले, आणि 'प्रवास सुखाचा होवो' असेही आले.

वाचकांना बेटाची काळजी वाटणे साहजिक आहे. मात्र, एवढी माणसे आहेत तर कोणीतरी घातलेच असेल, असे ज्यांच्या मनात या क्षणी आले, त्यांनी आमच्याशी जरूर संपर्क साधावा. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा आहे, आणि समितीला अशाच माणसांची गरज आहे.