पार्सलातली पोथी

आमच्या सोसायटीला वॉचमन नाही, मी आहे. म्हणजे मी तळमजल्यावर राहतो आणि खिडकी उघडी ठेवतो. (माझी बायको सुलू याला भोचकपणा म्हणते.) त्यामुळे भाईंदर पश्चिमेच्या या बिल्डिंगमध्ये कुणाचंही कुरिअर आलं की ते माझ्याकडेच.

त्या सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या मिनलचं पार्सल आलं. त्याचा एक कोपरा आधीच फाटला होता. तो बरा दिसेना, म्हणून मी उरलेले तीनही फाडले. आत जाडजूड कादंबरी, कव्हरवर निळ्या उजेडात उभे देव. एक पान वाचून परत ठेवायची, एवढंच ठरवलं होतं.

पहिल्याच पानावर इंद्राचं राज्य जातं आणि सगळे देव नोकऱ्या शोधत पृथ्वीवर येतात. मी मोठ्याने वाचत होतो आणि वाचता वाचता आवाजाला आपोआप चाल लागली. रत्नागिरीला आमच्या पडवीत श्रावणात बाबा पोथी वाचायचे, ती चाल. समईचा उजेड, भिंतीला टेकून पेंगणारी आत्या, आणि अध्याय संपला की हातावर खोबऱ्याचा तुकडा. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. ती चाल माझ्या घशात राहिलीय, हे मलाच ठाऊक नव्हतं.

सुलू कणकेच्या हातांनी दारात आली. "थांबलात का? अध्याय पुरा करा."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेजारच्या इंदुबाई आल्या. (उत्तनच्या कोळीण. आत्यासारख्या पेंगत नाहीत, उलटतपासणी घेतात.) तिसऱ्या दिवशी पाट मांडला गेला, नारळ फुटला आणि सुलूने कादंबरीला हळदकुंकू वाहिलं. झालं. सुरू केलेली पोथी अर्धवट ठेवायची नसते, हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं.

गुरुवारी मिनलचा फोन. "काका, माझं पुस्तक आलं का? रविवारी वाचनमंडळात त्याच्यावर बोलायचंय. पहिल्यांदाच बोलावलंय मला, आणि मी अजून एक पानही वाचलेलं नाही."

"या कुरिअरवाल्यांचा काय भरवसा," मी म्हणालो. (तेही पोथीसमोर बसून.)

शनिवारी शेवटचा अध्याय चालू असताना मिनल दारात उभी राहिली. हातातल्या मोबाईलवर पार्सल घेणाऱ्याची सही होती. माझीच.

तिने पाटावरचं पुस्तक पाहिलं, कव्हरवरचं कुंकू पाहिलं. "काका, उद्या बोलायचं होतं मला," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"बस गं पोरी," इंदुबाई सरकून बसल्या. "आमी ऐकलाय ना सगळा. लिही. तो वरुणदेव होडीत बसून उलट्या काढतो. दर्याचा देव हाय ना तो? लिहिणारा कधी होडीत बसलेला न्हाय."

"आणि यमाला रजा मिळते म्हणे," सुलू म्हणाली. "तेवढ्या दिवसांत कुणी मरत नाही. मग आजारी माणसांचं काय? नुसतं कण्हत पडायचं?"

मिनल हसली. मग खाली बसून मोबाईलवर भराभर लिहू लागली. खोबऱ्याचा तुकडाही घेतला. मला जरा हायसं वाटलं, तेवढ्यात ती पानं चाळत म्हणाली, "आणि नववं प्रकरण? अग्निदेव आणि अप्सरेचं?"

"असं काही न्हाय त्यात," इंदुबाई म्हणाल्या.

"आहे की. चांगली सोळा पानं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पानं चिकटली होती," मी म्हणालो.

रविवारी मिनलचं बोलणं गाजलं. मंडळाने इंदुबाईंचा नंबर मागून घेतला. सोमवारपासून पोथी तिसऱ्या मजल्यावर हलली, मिनल वाचते, आणि सुरुवात नवव्या अध्यायापासून झाली. पुरुषांना प्रवेश नाही. मी फक्त पाट वर पोचवतो आणि खोबऱ्याची वाट बघत जिन्यात बसतो.

मिनलचं कुरिअर हल्ली थेट तिच्या ऑफिसात जातं.