तिसऱ्या मजल्यावरचं संपादक मंडळ

अंकाला दोन पिना होत्या. वरची गंजली होती, खालची नाही. हेमलताबाईंनी कारण शोधून पाहिलं होतं, सापडलं नव्हतं. सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नमुने तपासलेलं माणूस पिनांकडेही तसंच पाहतं.

अंक साठोत्तरी काळातल्या एका लघुनियतकालिकाचा होता. त्यावर तारीख नव्हती. कुणी मागितलं नसताना, कुणाला न विचारता चार माणसांनी आठ पानं काढायची, ही चळवळ बाईंना फार आवडायची. दिल्लीच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका कार्यक्रमात त्या तेवढंच दहा मिनिटं बोलल्या.

व्यासपीठावरून खाली उतरताच हणमंत भेटला. औशाहून यूपीएससीसाठी दिल्लीत आलेला, ऐच्छिक विषय मराठी साहित्य.

"मॅडम, ही चळवळ वीस मार्कांना येते. रविवारी घरी येऊ का? एकटाच येतो."

रविवारी मयूर विहारच्या फ्लॅटवर चौघं आले. तिसऱ्या रविवारी एकोणीस.

इकडे नीरज, त्यांचा मुलगा, दोन वर्षं म्हणत होता, "फ्लॅट विकून टाक ना यार आई, गुरुग्रामला आमच्याकडे ये." बाई "बघू" म्हणत. अपुऱ्या निरीक्षणांवरून निष्कर्ष काढायची त्यांना सवय नव्हती. नीरजला होती. त्याने गिऱ्हाईक शोधायला घेतलं.

चौथ्या रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी बन्सलजी दारात उभे राहिले.

"मॅडम, फ्लॅट में कोचिंग अलाउड नहीं है."

"कोचिंग नहीं है जी," हणमंत आतून म्हणाला. "संपादक मंडल है. पत्रिका निकालते हैं."

"अच्छा. तो दिखाइए."

"अगले हफ्ते."

बाईंनी आयुष्यात खोटा अहवाल दिला नव्हता. त्यामुळे अंक काढणं भाग पडलं. आठ पानं, झेरॉक्स.

बन्सलजींनी तो उभ्यानेच वाचला. मराठी येत नसल्यामुळे वेळ लागला.

"इसमें हिंदी कविता चलेगी?" त्यांनी हळूच विचारलं. "मेरे पास एक सौ चालीस हैं."

पुढच्या रविवारी ते सर्वांत आधी आले, स्वतःची खुर्ची घेऊन.

त्याच दिवशी नीरज एका जोडप्याला फ्लॅट दाखवायला घेऊन आला. दाराबाहेर चपलांचे वीस जोड होते. आत बन्सलजींची सातवी कविता चालू होती.

"ये क्या है?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"संपादकीय कार्यालय," बन्सलजी म्हणाले. "सोसायटी से मंजूर है. बैठिए, आठवीं छोटी है."

जोडपं बसलं नाही. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला.

"आई, लोक घर बघायला आले होते. तू हो म्हणाली होतीस ना?"

"बघू म्हणाले होते."

"मग बघितलंस का?"

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. एकोणीस मुलं, एक सेक्रेटरी. जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या अंकाची कच्ची पानं होती. हणमंतने बाईंचा लेख निम्मा कापला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मी गुरुग्रामला येणार नाही. हे घर विकायचं नाही."