पगारेकाकांचा खालचा सूर

पगारेकाका परवानगीशिवाय काहीही करत नाहीत. आमच्या घरी आले की चपला काढण्याआधी दारातूनच विचारतात, "प्रवेशास हरकत नाही ना?" बसायच्या आधी एकदा खुर्चीकडे बघतात, मग माझ्याकडे. एका लग्नात ते वाढप्यासमोर उभे राहून "एका जादा गुलाबजामची मागणी आहे, विचार व्हावा," असं म्हणाले होते, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. वाढपी इतका गडबडला की त्याने वाटी भरून टाकली.

पाटबंधारे खात्यात ते हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नोकरी सुटली, भाषा सुटली नाही. नाशिकरोडला आमच्या बिल्डिंगमध्ये ते आणि निर्मलाकाकू बरोबर आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. मी शाळेत शिकवते, म्हणून मी त्यांची 'मॅडम'.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"जय भीम, मॅडम. उद्यापासून आपल्या छतावर, म्हणजे आमच्या फरशीवर, एक वाद्य वाजवण्याचं योजिलं आहे. हरकत असल्यास आजच कळवावी."

"कसलं वाद्य, काका?"

"गिटार."

सत्तरीला टेकलेले काका, पांढरा शर्ट, तुळतुळीत भांग आणि हातात गिटार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू आवरेना. "वाजवा की! हरकत कसली?"

"बारीक आवाजाची नव्हे. जाड आवाजाची. नीट विचार करून सांगा."

"दिली परवानगी," मी म्हणाले. कशाला दिली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

ती बास गिटार होती, आणि तीही विजेवरची नाही, लाकडी पोटाची. साध्या गिटारीपेक्षा चांगली हातभर लांब, पोट एखाद्या पिंपासारखं, आणि तारा चारच, पण सगळ्यात जाड तार बघून मला आमची कपडे वाळत घालायची दोरी आठवली. दुकानात काय झालं ते काकांनी मला नंतर साग्रसंगीत सांगितलं. त्यांनी म्हणे आत जाऊन पहिला प्रश्न विचारला, "आपल्याकडे सगळ्यात खालचा सूर कशात आहे?" दुकानदाराने वय बघून बासरी दाखवली, माउथ ऑर्गन दाखवला, छोटी चार तारांची युकुलेली दाखवली. म्हणाला, "काका, या वयात हेच बरं. हलकं असतं."

"मी म्हटलं, हलकं नको. वजनदार दाखवा."

मग त्याने ही काढली. काकांनी जाड तार छेडली, गिटारीचं पोट स्वतःच्या पोटाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मंजूर."

शिकायला ते कॉलेज रोडला जायचे. तिथे एका दुकानाच्या वर मुग्धा नावाची मुलगी क्लास घेते. वयाने काकांच्या मुलीपेक्षा लहान, पण काका तिला 'आमच्या बाई' म्हणतात. क्लासच्या दिवशी सकाळी ती अजस्र काळी बॅग पाठीला लावून ते सिटी बसच्या थांब्यावर उभे राहायचे. मागून बघितलं तर काका दिसायचेच नाहीत, बॅगेला पाय फुटल्यासारखं वाटायचं. शाळेच्या वाटेवर एकदा मी त्याच बसमध्ये होते. काकांनी आधी कंडक्टरची परवानगी घेतली, मग बॅगेला खिडकीशी बसवलं आणि स्वतः उभे राहिले. शेजारी सायखेड्याहून मेथीच्या जुड्या घेऊन आलेली एक आजी बसली होती. तिने बॅगेला कोपराने ढोसून पाहिलं.

"लय मोठं हाय ओ. आत काय माणूस हाय का?"

"नाही आजी, गिटार आहे."

"मंग तुम्ही का उभे? तिला उभं करा ना!"

सगळी बस हसली. काका मात्र गंभीर. म्हणाले, "तिला उभं राहायची सवय नाही अजून. नवीन आहे."

पहिले कित्येक आठवडे आम्हाला वरून एकच सूर ऐकू यायचा. ढूंम्. मग थांबायचं. मग पुन्हा ढूंम्. मध्येच घोरल्यासारखी चर्र. ती आली की काकांचा आवाज यायचा, "क्षमस्व!" कोणाला म्हणायचे कोण जाणे. बाईंनी शिकवलं होतं की उजव्या हाताची दोन बोटं तारेवर चालत्या पायांसारखी टाकायची, एकदा हे, एकदा ते. आणि डाव्या हाताचं बोट दांडीवरच्या पट्टीला अगदी चिकटून दाबायचं, मागे राहिलं की तार घोरते. काकांचं बोट मागेच राहायचं.

"इतर तारा कधी वाजवणार?" मी एकदा विचारलं.

"आधी तळमजला. मग वरचे मजले," काका म्हणाले. "आणि मॅडम, सध्या जे ऐकू येतं तो मसुदा समजावा."

मसुदा हा त्यांचा लाडका शब्द. चहा पातळ झाला की मसुदा. केसांचं कटिंग बिघडलं की मसुदा. स्वतःच्या वाजवण्याला त्यांनी त्या वर्षात दुसरा शब्द वापरला नाही.

एक सूर मात्र असा होता, की तो बरोबर लागला की आमच्या मांडणीवरचं एक स्टीलचं ताट आपोआप थरथरायचं. मी हे कौतुकाने काकांना सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. दुसऱ्या दिवसापासून ते वाजवायचे आणि गॅलरीतून खाली वाकून ओरडायचे, "मॅडम, ताट वाजलं का?"

मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "नाही!"

पुन्हा ढूंम्. "आता?"

"वाजलं!"

"आभारी आहे!"

समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं की काका आमच्याकडे जेवायला आहेत.

बोटांना फोड आले. ते फुटून हळदीने बरे झाले, पुन्हा आले, शेवटी बोटांची टोकं चामड्यासारखी झाली. त्यातच पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस आले. माणूस जिवंत आहे की नाही ते हल्ली मशीनवर बोट ठेवून ठरतं. काकांनी डाव्या हाताचं एक बोट ठेवलं. मशीनला पटेना. दुसरं ठेवलं. तेही पटेना. तिथला मुलगा कंटाळून म्हणाला, "काका, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत. काय काम करता?"

"संगीत," काका म्हणाले.

शेवटी अंगठा ठेवला तेव्हा कुठे सरकारने त्यांना जिवंत मानलं. घरी येऊन त्यांनी हा किस्सा मला जिन्यात उभं राहून सांगितला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आमचे वडील अंगठेबहाद्दर. पोराने सही करावी म्हणून त्यांनी मला शाळेत घातलं. मी जन्मभर सह्या केल्या, आणि मॅडम, म्हातारपणी अंगठाच कामी आला."

आता निर्मलाकाकूंबद्दल सांगायला हवं. कॉलनीतल्या जुन्या लोकांना विचाराल तर काकू म्हणजे आवाज. विहारातला कार्यक्रम कुठलाही असो, गाणं काकूंचं. माइक नसला तरी मागच्या रांगेपर्यंत शब्द अन् शब्द पोचायचा, असं सगळे सांगतात. काका तेव्हा सतरंजीच्या कडेला बसून टाळीही वाजवायचे नाहीत. नुसते बघत राहायचे.

मी इथे राहायला आले तोवर काकूंना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. मी विचारायचे, "काकू, तब्येत कशी आहे?" त्या हसून म्हणायच्या, "हो, कालच आली भाजी. मस्त आहे." मग काका कानाशी वाकून प्रश्न पुन्हा सांगायचे. कानाचं यंत्र होतं, पण ते शिट्ट्या मारायचं म्हणून कपाटात असायचं. हळूहळू त्या खाली उतरेनाशाच झाल्या. गाणं तर मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आले. काकूंचा डबा परत द्यायचा होता म्हणून वर गेले. दार उघडं होतं. बेल वाजवणार तेवढ्यात आतून गाणं ऐकू आलं, आणि मी हात मागे घेतला.

काका दिवाणावर बसले होते, मांडीवर गिटार. काकू त्यांच्या शेजारी, अगदी खेटून. त्यांचा उजवा तळवा गिटारीच्या लाकडी पोटावर पसरलेला होता आणि डोळे मिटलेले. त्या गात होत्या. बुद्धावरचं एक साधं गाणं. त्यांच्या आत्याने दळताना जोडलेलं, हे मला नंतर कळलं. आवाज थोडा खरखरीत झाला होता. एका ओळीत तो घसरला. काकांनी गाणं थांबवलं नाही, काही बोललेही नाहीत. फक्त तोच जाड सूर पुन्हा छेडला, जरा ठासून. काकूंच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांचा आवाज चाचपडत खाली आला आणि त्या सुरावर जाऊन बसला. काका मान डोलवत पुढच्या ओळीला गेले.

मी डबा उंबऱ्याशी ठेवून निघाले. पण काकांनी मला पाहिलं होतं. संध्याकाळी ते खाली आले. आज पहिल्यांदाच परवानगी न विचारता खुर्चीवर बसले.

"जयंतीचा कार्यक्रम होता," ते म्हणाले. "तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. ती गात होती आणि पेटी एकीकडे, ती एकीकडे. तिला पेटी ऐकूच येत नव्हती. तिला वाटलं, आपण बरोबर आहोत. मग तिने समोर बसलेल्या बायांची तोंडं बघितली. गाणं पुरं केलं तिने. पण घरी आल्यावर जी गप्प झाली ती झालीच. स्वयंपाक करताना गुणगुणायची, तेही बंद."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, वरचे आवाज आधी जातात. पाखरं, बेल, पेटी. खालचे शिल्लक राहतात. आणि ट्रक गेला की तिला कळायचं हो, खिडकीत हात ठेवून उभी असली की. मी विचार केला, वरचं गेलंय त्याला इलाज नाही. पण जिथे शिल्लक आहे तिथे आपण जाऊन बसू शकतो." त्यांनी स्वतःच्या टणक झालेल्या बोटांकडे पाहिलं. "पण मला कुठं संगीत येतं? म्हणून आधी मसुदा पक्का करत होतो. कच्चं तिच्यापुढे कसं ठेवणार? एकदा फसलीय ती."

मी उठून चहा ठेवला.

बुद्धपौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता. काका आठवडाभर आधीच समितीच्या अध्यक्षांकडे गेले. "सादरीकरणास अनुमती असावी. गायिका, आमच्या मिसेस. साथ, मी." अध्यक्ष काकांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, परवानगी काय मागता? आम्ही वाट बघून थकलो."

त्या संध्याकाळी काकूंनी पांढरी साडी नेसली होती. हॉल भरलेला. मुग्धाही कॉलेज रोडवरून आली होती आणि माझ्या शेजारी बसली होती. दोघं सतरंजीवर खेटून बसली. काकूंनी लाकडावर हात ठेवला. काकांनी पहिला सूर लावला आणि काकूंनी गाणं उचललं.

पहिलं कडवं नीट गेलं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका पुढे सरकून बसल्या. एकीने पदर डोळ्यांना लावला. नेमकं ते काकांनी पाहिलं आणि त्यांची बोटं चुकली. ताल गेला. एक चर्र, मग दुसरी, मग काहीच नाही. मुग्धा पुटपुटली, "काका, मोजा, मोजा." काकांचा चेहरा पांढरा पडला.

काकूही थांबल्या. क्षणभर मला भीती वाटली की आता त्या समोर बघतील. पण त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. लाकडावर ठेवलेल्या तळव्याने त्यांनी हळूच थाप मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. पोराला थोपटावं तशी. एक, दोन, तीन, चार. काकांची बोटं त्या थापेमागून चालू लागली, आधी अडखळत, मग सावरून. काकूंनी सोडलेली ओळ तिथूनच उचलली, आणि शेवटपर्यंत नेली. मला गाण्यातलं फार कळत नाही. पण त्या शेवटच्या ओळीत त्यांचा आवाज आणि तो जाड सूर वेगळे काढता आले नसते.

टाळ्या झाल्या. बायकांनी काकूंना घेरलं. कोणी गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होतं, कोणी हात धरून बसलं होतं. "निर्मलाताई, आणखी एक! ते जुनं म्हणा ना, पाळण्याचं!" काकू सगळ्यांकडे बघून नुसत्या हसत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

एरवी अशा वेळी काका कानाशी वाकतात आणि मोठ्याने वाक्य पुन्हा सांगतात. आता ते वाकले नाहीत. त्यांनी काकूंचा हात धरून पुन्हा लाकडावर ठेवला आणि पाळण्याची पहिली ओळ वाजवली.

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, हे कधी शिकलात?" आणि घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली.